नवागत, मेरठ

"आपका प्रश्न प्राप्त हुआ," भालचंद्र सबनीसांनी एका बोटाने टाइप केलं. "प्रश्न अपूर्ण है. कृपया संलग्न प्रपत्र भरकर पुनः प्रस्तुत करें."

"आता कुणाला परत पाठवताय?" सुनीतीबाईंनी पोह्यांची बशी कीबोर्डशेजारी ठेवली.

"बरेलीचा आहे कुणी. म्हणतो, पंखा हळू फिरतो. बस, एवढंच. ना कंपनी, ना साल, ना पात्यांची संख्या."

"पंख्याला किती पाती असतात?"

"तीन. क्वचित चार."

"मग तीन धरून चालायचं."

"असं धरून चालत नसतं, सुनीती. उद्या चार निघाली तर?"

सुनीतीबाईंनी यावर विचार केल्यासारखं दाखवलं आणि त्या आत गेल्या. बरेलीचा माणूस त्यानंतर मंचावर पुन्हा कधीच दिसला नाही.

मंचाचं नाव होतं 'पंखा-चर्चा'. छताचे, टेबलाचे, भिंतीवरचे, जे काही फिरून वारा देतं त्या सगळ्यावर तिथे हिंदीतून चर्चा चालायची. जुने सदस्य एकोणीस होते, त्यांतले सहा रोज यायचे. त्या सहांत होते कोचीचे एक निवृत्त जहाज-इंजिनिअर, लुधियान्याचे एक हार्डवेअरवाले सरदारजी, आणि गाझियाबादचे भालचंद्र सबनीस, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातले निवृत्त सेक्शन ऑफिसर. हे सहा जण एकमेकांशी अतिशय अदबीने वागत. १९७४ सालच्या एका पंख्याच्या बेअरिंगवर त्यांनी अकरा महिने चर्चा केली होती आणि त्यात एकदाही आवाज चढला नव्हता.

नव्या माणसांचं मात्र वेगळं होतं. नव्या माणसांना प्रश्न तीनच पडतात: पंखा हळू फिरतो, पंखा आवाज करतो, पंखा हलतो. पहिल्याचं उत्तर शंभरातल्या नव्वद वेळा 'कपॅसिटर बदला' असं असतं. उत्तर दोन शब्दांचं आहे, आणि अडचण नेमकी तीच होती. ते दोन शब्द घेऊन माणूस निघून जातो. मग मंच कशाला? म्हणून प्रश्न आला की आधी कोचीचे इंजिनिअर विचारत, "आपण जुन्या चर्चा वाचल्यात का?" मग लुधियाना विचारे, "कंडेन्सर म्हणालात, कपॅसिटर म्हणायचं होतं का?" आणि शेवटी भालचंद्र आपलं चौदा रकान्यांचं प्रपत्र जोडत. मंत्रालयात चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. अपूर्ण फाइल पुढे पाठवायची नाही. त्यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसे, उलट प्रपत्र हा त्यांच्या दृष्टीने आदरातिथ्याचाच प्रकार होता.

दहा पोस्ट होईपर्यंत माणसाच्या नावाखाली 'नवागत' असं यायचं. दहा झाल्या की 'सदस्य'. भालचंद्रांच्या नावाखाली 'वरिष्ठ मार्गदर्शक' होतं, आणि पोस्ट नऊ हजार चारशेच्या वर. तिथे सगळे त्यांना 'एसओ साहब' म्हणत. सोसायटीचा गार्ड निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात 'साहब'वरून 'अंकल'वर आला होता. बँकेत 'नेक्स्ट' म्हणत. साहेब म्हणणारं जगात एकच ठिकाण उरलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात अंकुरचा फोन आला. अंकुर करोल बागेतल्या एका मराठी घरातला मुलगा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने हा मंच बनवला होता, आणि पुढे नोकरीला लागल्यावरही सांभाळला होता.

"काका, मी बसून डेटा काढला," अंकुर म्हणाला. "लास्ट इयरमध्ये दोनशे बारा नवीन लोक आले. त्यातल्या दोनशे सात जणांनी एकच पोस्ट टाकली."

"आणि उरलेले पाच?"

"त्यांनी दुसरी टाकली. त्यात शिव्या आहेत."

त्या शिव्या भालचंद्रांनीच काढून टाकल्या होत्या.

"मी जूनमध्ये बंगलोरला शिफ्ट होतोय, काका. नवीन जॉब. एवढ्याशा लोकांसाठी कोण मेंटेन करणार, यार... सॉरी. एकतीसला मी रीड-ओन्ली करतो. म्हणजे जुनं सगळं वाचता येईल, बिल्कुल सेफ. फक्त लिहिता येणार नाही."

"अरे, पण एकोणीस सदस्य आहेत."

"एकोणीसच्या एकोणीस साठीच्या पुढे आहेत, काका." अंकुर तसा मनाने चांगला होता. "अच्छा, एक काम करा. एकतीसच्या आत एक माणूस 'सदस्य' करून दाखवा. एकच. नवागत आला, दहा पोस्ट केल्या, टिकला. मग मी बंगलोरहून चालवतो, प्रॉमिस."

फोन ठेवून भालचंद्र खुर्चीत बसून राहिले. सुनीतीबाईंनी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं.

"एकच माणूस ना?" त्या म्हणाल्या. "मिळेल की. मे महिना आहे, अख्खं उत्तर हिंदुस्तान पंख्याकडे बघत पडलंय."

त्याच दुपारी भालचंद्रांनी जुन्या सदस्यांसाठी एक परिपत्रक काढलं. यापुढे नवागतांशी सौजन्याने वागावे. प्रथम स्वागत, नंतर चौकशी. प्रपत्र तूर्त स्थगित. बाकीच्या पाचही जणांनी 'नोट किया' असं कळवलं आणि सगळे दबा धरून बसले.

अकरा तारखेला फरिदाबादहून चेतना नावाची मुलगी आली. तिने लिहिलं, "रेग्युलेटरमधून घूं घूं आवाज येतो, धोका आहे का?"

दोन तासांत तिला सतरा उत्तरं मिळाली. सतराही स्वागतं होती. कोचीच्या इंजिनिअरांनी घूं घूं हा शब्द किती अचूक आहे याचं कौतुक केलं. लुधियान्याने हात जोडलेली नऊ चित्रं टाकली. एकाने स्वतः रचलेल्या चार ओळी टाकल्या, त्यात वाऱ्याचं आणि चेतनेचं नातं उलगडलं होतं. भालचंद्रांनी सगळ्यांच्या वतीने औपचारिक स्वागत केलं आणि शेवटी विचारलं, आपल्याला मंचाची माहिती कुणाकडून मिळाली. आवाज धोक्याचा आहे की नाही हे कुणीच सांगितलं नाही. संध्याकाळी चेतनाने लिहिलं, "धन्यवाद. इलेक्ट्रिशियन आ गया." आणि ती गेली.

"तुम्ही लोकांनी तिला घाबरवलं," सुनीतीबाई म्हणाल्या. "सतरा म्हातारे एकदम अंगावर आले तर कोण थांबेल?"

"सतरा नव्हते. सहाच होतो. काहींनी एकापेक्षा जास्त वेळा लिहिलं."

"हां, मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

सतरा तारखेला मंचावर एक नवं नाव आलं: कादंबरी. गाव मेरठ. प्रश्न: "बेडरूमचा पंखा हलतो आणि टक टक करतो. चार वर्षं झाली. घरी सांगून उपयोग होत नाही. काय करावं?"

कादंबरी मेरठला राहत नव्हती. ती भालचंद्रांच्या खुर्चीपासून साडेतीन मीटर अंतरावर, बाल्कनीच्या दाराशी, मोबाइल नाकाजवळ धरून बसली होती, आणि टाइप करून झाल्यावर ती भेंडी चिरायला गेली. पंखा मात्र खरा होता. टक टकही खरी होती. चार वर्षांत ती भालचंद्रांना निदान पन्नास वेळा सांगितली गेली होती आणि दर वेळी त्यांनी "बघू" म्हटलं होतं. मंत्रालयाच्या भाषेत घरचा पंखा विचाराधीन होता.

सुनीतीबाईंना पंख्यांबद्दल विशेष प्रेम होतं असं नाही. पण निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने त्यांना आठवत होते. तेव्हा मंच बरेच दिवस बंद पडला होता, आणि भालचंद्र दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहून डब्यांना नंबर घालत होते.

या खेपेला भालचंद्र शहाणे झाले होते. त्यांनी बाकीच्यांना खाजगीत बजावलं: कुणी मध्ये पडू नका, ही केस मी बघतो. मग त्यांनी कादंबरीला एकच वाक्य लिहिलं. "पंखा कितने नंबर पर सबसे ज़्यादा हिलता है?"

उत्तर आलं: "तीन पर. पाच पर कम." भालचंद्र खुर्चीत ताठ झाले. हा फरक लक्षात ठेवणारा माणूस त्यांना वर्षानुवर्षं भेटला नव्हता.

"एक मेरठच्या बाई आल्यात," जेवताना ते म्हणाले. "कादंबरी म्हणून. फार व्यवस्थित आहेत."

"असं?" सुनीतीबाईंनी त्यांना आमटी वाढली. "काय विचारतात?"

"पंखा हलतो त्यांचा. घरी कुणी लक्ष देत नाही म्हणे. नवरा असेल."

"असेल."

"असतात एकेक लोक," भालचंद्र म्हणाले. सुनीतीबाईंना जोराचा ठसका लागला आणि त्या पाणी प्यायल्या.

पुढे दर दोन दिवसांनी एक प्रश्न आणि एक उत्तर असं चालू राहिलं. भालचंद्र चौदा रकान्यांमधलंच विचारत होते, पण एका वेळी एक, आणि का विचारतोय हे सांगून. तिन्ही पात्यांच्या टोकांपासून छतापर्यंतचं अंतर मोजा, त्यांनी लिहिलं. एक पातं खाली झुकलं असेल तर पंख्याचा तोल जातो. मोजताना मेन स्विच बंद ठेवा. स्टूल कुणाला तरी धरायला सांगा.

ते सकाळी फिरायला गेले की सुनीतीबाई मोजत. स्टूल धरायला कुणी नव्हतं.

"बेडरूममध्ये स्टूल कशाला?" एकदा परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"जळमटं काढत होते."

"मला सांगायचं. पडशील एखाद दिवशी."

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही बघू म्हणता."

त्या दिवशी कादंबरीने आकडे पाठवले: ३१.२, ३१.३ आणि ३२.१ सेंटिमीटर. भालचंद्र लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात घेऊन आले.

"दशांश दिलाय, सुनीती. बघ, दशांश. नऊ मिलिमीटरचा फरक आहे. तिसरं पातं. आता मला कळलंच जवळजवळ."

सुनीतीबाई स्क्रीनऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिल्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. कणीक, हरभऱ्याची डाळ, विम्याचे हप्ते, मुलीचे गुण असं पुष्कळ काही त्यांनी या माणसाला मोजून दिलं होतं. हा चेहरा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

"हुशार दिसतायत बाई," त्या म्हणाल्या.

"हुशारीचं नाही. लक्ष आहे त्यांचं."

तीस तारखेपर्यंत कादंबरीच्या आठ पोस्ट झाल्या. भालचंद्रांच्या मते आता निदान करायला एकच गोष्ट हवी होती: तिसऱ्या पात्याच्या बुडाचा आणि मोटरवरच्या पट्टीचा फोटो. फोटो ही नववी पोस्ट होईल, आणि आभाराची दहावी. त्यांनी मनातल्या मनात अंकुरला पाठवायचं पत्रही तयार केलं.

दुपारी फोटो आला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. स्क्रू दोन. त्यांतल्या एकाखाली वॉशर नाही. हीच टक टक. मग ते मोटरवरची पट्टी वाचायला वर सरकले, आणि पट्टीच्या बाजूला पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशने लिहिलेलं त्यांना दिसलं: भा.स./शयन/पंखा/२.

सरकारी कार्यालयात प्रत्येक खुर्चीवर, कपाटावर, टेबलावर असा नंबर असतो. भालचंद्रांनी घर घेतलं त्याच वर्षी घरातल्या सव्वीस वस्तूंवर तो घातला होता. सुनीतीबाईंना तो इतकी वर्षं दिसत होता की आता दिसेनासा झाला होता.

भालचंद्रांनी लॅपटॉप मिटला. हत्यारांचा डबा काढला, त्यातून एक वॉशर शोधला, बेडरूममध्ये जाऊन स्टुलावर चढले. दहा मिनिटांचं काम होतं. पंखा लावला. तीनवर, मग पाचवर. आवाज नव्हता. चार वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना पाती कुणी काढली होती हेही त्यांना आठवलं. सुनीतीबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"कादंबरीबाई," भालचंद्र वरूनच म्हणाले, "वॉशर नव्हता."

"अय्या, कळलं होय." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "कशावरून?"

त्यांनी पंखा बंद केला आणि नंबराकडे बोट दाखवलं. सुनीतीबाई आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून थांबल्या.

"मग दहावी पोस्ट टाकू ना?"

"नाही."

"का? मी खरीच नवीन आहे. मला खरंच काही येत नव्हतं. पंखा खरा, आवाज खरा, मी स्टुलावर चढून मोजलं ते खरं. खोटं काय आहे त्यात? एक मेरठ."

"एका घरातून एकच सदस्य, असा नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

नियम २०१४ सालचा होता. लुधियान्याच्या सरदारजींनी मुलाच्या नावाने दुसरं खातं काढून स्वतःलाच धन्यवाद दिले होते. "एसओ साहब, जाने दो," असं त्यांनी तीनदा लिहिलं होतं. भालचंद्रांनी त्यांना तीन महिने बाहेर ठेवलं. सरदारजींनी ते तीन महिने मुकाट्याने काढले आणि चौथ्या महिन्यात बेअरिंगच्या चर्चेत जणू काही झालंच नाही असे येऊन बसले.

"त्यांना काय तोंड दाखवू?" भालचंद्र म्हणाले.

"मंच बंद झाला तर तोंड दाखवायला जागाच राहणार नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, एक ओळ तर लिहायचीय. मला खरंच आभार मानायचेत."

ते स्टुलावरून उतरले. "इथेच मान," ते म्हणाले.

"धन्यवाद," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांनी मान डोलावली आणि अंकुरला फोन लावला. सगळं क्रमवार सांगितलं. पलीकडे अंकुर इतका हसला की त्याला काही वेळ बोलता येईना.

"काका, चालतंय यार. काकूंना काउंट करतो मी. मला बिल्कुल प्रॉब्लेम नाही."

"नियम आहे, अंकुर."

"तुमचाच आहे ना? काढून टाका."

"काढता येईल. पण पूर्वलक्षी प्रभावाने नाही काढता येत."

"म्हणजे?"

"म्हणजे आज काढला तर उद्यापासून लागू. सतरा तारखेला नोंदलेल्या माणसाला नाही."

अंकुरने एक लांब श्वास सोडला. "चलो, ठीक आहे, काका. मग उद्या संध्याकाळी सातला बंद करतो."

एकतीसला सकाळी भालचंद्रांनी मंचावर शेवटची टिप्पणी लिहिली. नवागत कादंबरी, मेरठ, ही वस्तुतः माझी पत्नी सुनीती, गाझियाबाद, आहे. हे मला काल दुपारी कळले. नियम अकरानुसार तिचे खाते रद्द करण्यात येत आहे. तिने घेतलेली मापे मात्र अचूक असून ती नोंदीत राहू द्यावीत.

पहिलं उत्तर लुधियान्याहून आलं. "एसओ साहब, चार साल से घर का पंखा ठीक नहीं किया?"

दुसरं कोचीहून: "चार साल, सर?"

त्यानंतर प्रत्येकाने एवढंच विचारलं. नियमाबद्दल, खात्याबद्दल, मंच बंद होतोय त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी लुधियान्याने लिहिलं, "भाभीजी को हमारा नमस्कार. ३२.१ बहुत बढ़िया नाप था." भालचंद्रांनी लॅपटॉप बंद केला आणि दिवसभर उघडला नाही.

एक जूनला सवयीने त्यांनी सकाळी मंच उघडला. सगळं जागच्या जागी होतं. बेअरिंगचे अकरा महिने, प्रपत्र, सतरा स्वागतं. फक्त प्रत्येक चर्चेखाली जिथे लिहायची चौकट असायची तिथे कोरी जागा होती. नावांखालची पदंही गेली होती. नवागत, सदस्य, वरिष्ठ मार्गदर्शक, कुणाखालीच काही नव्हतं.

सगळ्यात वर एक प्रश्न होता. काल संध्याकाळी सहा बावन्नला आलेला, बंद व्हायच्या आठ मिनिटं आधी. चिराग, खुर्जा. "पंखा बहुत धीरे चल रहा है. अम्मा को गर्मी लगती है. कोई बता दे." खाली त्याने फोन नंबर दिला होता. नियम न वाचता नंबर टाकणारे खूप असत. असे नंबर भालचंद्र लगेच पुसून टाकत. आज तो पुसता येत नव्हता. उत्तरही लिहिता येत नव्हतं.

त्यांनी प्रश्न दोनदा वाचला. कंपनी नव्हती, साल नव्हतं, पात्यांची संख्या नव्हती.

"पोहे निवतायत," सुनीतीबाई आतून म्हणाल्या.

"आलो," ते म्हणाले, आणि मोबाइलवर तो नंबर दाबला. चार वेळा रिंग वाजली.

"हॅलो, कौन?"

भालचंद्रांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. चौतीस वर्षं त्यांनी फोनवर आधी पद सांगितलं होतं. नंतर पंधरा वर्षं नावाखाली ते आपोआप यायचं.

"कौन बोल रहा है?" पलीकडून पुन्हा विचारलं.

"मैं," भालचंद्र म्हणाले, "पंखेवाला बोल रहा हूँ."

पलीकडे फोन तोंडापासून लांब गेला आणि तो माणूस घरात कुणाला तरी सांगू लागला, "अम्मा, उठो ज़रा. पंखेवाले का फ़ोन आया है."